एक आड एक पिंग: क्लासफुल आणि क्लासलेस राउटिंगचं एक प्रकरण

मुख्यालयाच्या राउटरवरून पूर्व शाखेतल्या १७२.१६.१.१ या पत्त्यावर पाच पिंग (पत्ता पोचतोय का ते पाहणारी छोटी पॅकेटं) टाकले आणि पडद्यावर हे उमटलं:

! यू ! . !

उद्गारचिन्ह म्हणजे उत्तर आलं. साठ टक्के यश. लिंक खराब असली की पिंग गळतात, पण ती गळती वेडीवाकडी असते. इथे पहिला, तिसरा आणि पाचवा पोचत होता. दुसरा आणि चौथा नाही. बिघाड इतका शिस्तीत वागत असेल तर तार सोडून राउटिंग टेबल (कुठला पत्ता कुणीकडे, याची राउटरकडची यादी) उघडावं, हे आज कळतं. त्या दिवशी आम्ही सकाळचे दोन तास तारच तपासत बसलो होतो.

रचना साधी होती. मध्ये मुख्यालयाचा राउटर, त्याच्यामागे १०.२०.०.०/२४ हे लॅन आणि बाहेर जाणारं फायरवॉल. (/२४ म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांतले पहिले २४ नेटवर्कचे; ही हद्द सांगतो तो मास्क.) एका बाजूला पूर्व शाखा: १७२.१६.१.० आणि १७२.१६.२.०, दोन्ही /२४. मधली लिंक १९२.१६८.५०.०/३०. सगळीकडे बोलायची भाषा एकच, रिप, म्हणजे राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायचा एक प्रोटोकॉल. कन्फिगरेशनमध्ये ‘राउटर रिप’ आणि खाली नेटवर्कच्या ओळी, बस. व्हर्जन लिहिलेलंच नव्हतं. सिस्को राउटरच्या आयओएस या प्रणालीत व्हर्जन लिहिलं नाही तर राउटर व्हर्जन १ ची अपडेट पाठवतो आणि १ व २ दोन्ही ऐकून घेतो. म्हणजे आमच्याकडे व्हर्जन १ चालू होतं आणि ते कुणी मुद्दाम निवडलेलं नव्हतं.

अशा अवस्थेत सगळं कित्येक वर्षं बिनबोभाट चाललं. मग पश्चिम शाखा उघडली. पत्ते वाटणाऱ्याने नीटनेटकेपणा म्हणून तिला त्याच १७२.१६ मधले १७२.१६.११.० आणि १७२.१६.१२.० दिले, आणि लिंकला १९२.१६८.५१.०/३०. कागदावर सुंदर दिसत होतं: शाखा सगळ्या १७२.१६ मध्ये, लिंक सगळ्या १९२.१६८ मध्ये. नवी लिंक वर आली, आणि ज्या पूर्व शाखेला कुणी हातही लावला नव्हता तिथल्या तक्रारी सुरू झाल्या.

फोन असे यायचे: “साहेब, शेजारच्या टेबलावरून सर्व्हर उघडतोय. माझ्याकडून नाही.” आम्ही आमच्या मशीनवरून पाहायचो, उघडायचा. “आमच्याकडून तर चालतंय.” “तुमच्याकडून चालतंय हो, पण काम मला करायचंय ना!” बिनतोड होतं.

मास्कला जागाच नव्हती

‘शो आयपी रूट’ मारल्यावर मुख्यालयाच्या टेबलात शाखांसाठी एकच नोंद दिसली:

१७२.१६.०.०/१६ [१२०/१] मार्गे १९२.१६८.५०.२
१७२.१६.०.०/१६ [१२०/१] मार्गे १९२.१६८.५१.२

चार /२४ सबनेट (मोठ्या नेटवर्काचे तुकडे) दिसायला हवे होते. त्याऐवजी अख्खं १७२.१६, आणि तेही दोन दिशांना, सारख्याच मेट्रिकने, म्हणजे अंतराच्या मापाने. राउटरच्या समजुतीप्रमाणे एकाच गावाला जाणारे दोन सारखे रस्ते होते, म्हणून तो वाहतूक वाटून देत होता. राउटरने स्वतः टाकलेले पिंग एक इकडे, एक तिकडे असे जात होते. लॅनवरून येणाऱ्या पॅकेटांसाठी मात्र सीईएफ (पॅकेटं झटपट पुढे ढकलायची सिस्कोची यंत्रणा) पाठवणारा आणि घेणारा अशा पत्त्यांच्या जोडीवरून लिंक ठरवतं आणि मग त्या जोडीचा रस्ता बदलत नाही. त्यामुळे एका टेबलाचा माणूस कायम पोचत होता आणि शेजारचा कायम अडकत होता.

शाखांनी /२४ का कळवले नाहीत, याचं उत्तर रिपच्या पॅकेटात आहे. व्हर्जन १ मध्ये एका रूटची नोंद २० बाइटची असते. २ बाइट ॲड्रेस फॅमिली, २ बाइट शून्य, ४ बाइट पत्ता, ८ बाइट शून्य, ४ बाइट मेट्रिक. मास्कसाठी जागा नाही. विसरले होते असंही नाही. रिपचा मानक-दस्तऐवज, आरएफसी १०५८, निघाला १९८८ साली, पण त्यात लिहिलेला प्रोटोकॉल त्याआधीपासून बीएसडी युनिक्सच्या ‘रूटेड’ या प्रोग्राममध्ये चालत होता. सबनेटिंगचा आरएफसी ९५० आला तो १९८५ मध्ये. मूळ रचनेच्या काळात मास्क वेगळा सांगायची गरजच नव्हती, कारण पत्ता स्वतःच आपली हद्द सांगायचा. पहिला बिट ० असेल तर क्लास ए, हद्द ८ बिटांवर. १० ने सुरू होत असेल तर क्लास बी, हद्द १६ वर. ११० असेल तर क्लास सी, हद्द २४ वर. १७२ द्विमानात लिहा: १०१०११००. सुरुवात १० ने, म्हणजे क्लास बी, म्हणजे /१६. मास्क कुणी सांगितला नाही तर राउटर हेच धरून चालतो.

यावरून पाठवण्याचा नियम निघतो आणि आमचं सगळं त्याच नियमावर अडलं होतं. व्हर्जन १ चा राउटर एखादा सबनेट कळवण्यापूर्वी बघतो की ज्या इंटरफेसवरून अपडेट निघणार आहे तो इंटरफेस त्याच मोठ्या नेटवर्कातला आहे का. असेल, आणि मास्कही तोच असेल, तर सबनेट जसाच्या तसा जातो, कारण ऐकणारा स्वतःच्या इंटरफेसचा मास्क लावून अर्थ काढू शकतो. इंटरफेस वेगळ्या नेटवर्कातला असेल तर ऐकणाऱ्याला मास्क कळायला काही मार्ग नाही, म्हणून राउटर सबनेट गुंडाळून मोठ्या नेटवर्काचं नाव तेवढं सांगतो. आमची लिंक १९२.१६८ मधली, लॅन १७२.१६ मधलं. मग दोन्ही शाखा प्रामाणिकपणे एकच वाक्य बोलत राहिल्या: “१७२.१६ माझ्याकडे आहे.”

एकटी पूर्व शाखा होती तोवर हे वाक्य खरं होतं. दुसरी आल्यावर दोघींचंही अर्धं खोटं झालं. एकाच मोठ्या नेटवर्काचे तुकडे मध्ये दुसरं नेटवर्क घालून वेगळे पडले की क्लासफुल प्रोटोकॉल तिथे हमखास तोंडावर पडतो. गंमत अशी, की लिंकलाही १७२.१६.५०.०/२४ आणि १७२.१६.५१.०/२४ असे पत्ते दिले असते, दोन पत्त्यांच्या लिंकवर अडीचशे पत्ते उधळले असते, तर व्हर्जन १ सुद्धा सुरळीत चाललं असतं. काटकसर करून /३० दिला आणि तोही वेगळ्या नेटवर्कात.

मग पिंगमधला तो ‘यू’ आणि ते टिंब? दुसरं पॅकेट पश्चिम शाखेकडे गेलं. तिथल्या राउटरला १७२.१६.१.० माहीत नाही, त्याने ‘पोचवता येत नाही’ असा निरोप परत पाठवला: तो यू. चौथ्याचंही तेच झालं, पण आयओएस असे निरोप ५०० मिलिसेकंदांत एकापेक्षा जास्त पाठवत नाही. दुसरं आणि चौथं पॅकेट काही मिलिसेकंदांच्या अंतराने पोचली होती, म्हणून चौथ्याला निरोपही मिळाला नाही आणि पिंग वाट पाहून टिंब देऊन मोकळा झाला.

चुकीच्या जागी केलेला बरोबर बदल

इथवर आमचं निदान ठीक होतं. घोळ पुढे झाला, आणि तो शब्दामुळे झाला.

पश्चिमेच्या राउटरवर डिफॉल्ट रूट (ज्याची नोंद नाही त्या पत्त्यासाठीची वाट) होता, मुख्यालयाकडे दाखवणारा. मग १७२.१६.१.१ साठीचं पॅकेट त्याने डिफॉल्टवर का ढकललं नाही? कन्फिगरेशन चाळताना एका सहकाऱ्याला ओळ सापडली: ‘नो आयपी क्लासलेस’. शाखांचे राउटर जुने, त्यांच्यावर सीईएफ बंद, आणि कन्फिगरेशन कुठल्यातरी त्याहून जुन्या साच्यातून उचललेलं. “हे बघा, इथे क्लासलेस बंद आहे. आपला प्रश्न क्लासफुलचाच आहे ना? मग चालू करू.” ऐकायला इतकं सरळ होतं की कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही.

ही आज्ञा प्रोटोकॉलला हातच लावत नाही. ती बदलते फक्त आपल्या टेबलात शोधायची रीत. क्लासफुल रीतीने शोधणारा राउटर आधी मोठं नेटवर्क बघतो. १७२.१६ चा एकही तुकडा आपल्याकडे नसेल तर तो खुशाल डिफॉल्टकडे जातो. पण एक जरी तुकडा असेल, तर त्याची अशी समजूत असते की या घराण्यातले सगळे सबनेट आपल्याला ठाऊक असणारच. जो सापडला नाही तो अस्तित्वातच नाही. पॅकेट टाकून देतो, डिफॉल्ट रूट शेजारी असूनही. याच कारणाने शाखांतली इंटरनेटची पॅकेटं डिफॉल्टने बाहेर निघत होती आणि समोरची शाखा मात्र दिसत नव्हती. ‘आयपी क्लासलेस’ लावलं की तो घराणं बघत नाही. सगळ्या नोंदींत सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) घेतो, आणि काहीच जुळलं नाही तर शेवटी शून्य बिटांचा डिफॉल्ट. आयओएसच्या नंतरच्या आवृत्त्यांत हीच रीत मुळात चालू असते.

आम्ही दोन्ही शाखांवर ती लावली. काही मिनिटांत पूर्वेकडून फोन: “आता पश्चिमेचं एक मशीन दिसतंय!” आधी शाखा-शाखांमध्ये शून्य संपर्क होता, कारण पूर्वेचा राउटर पॅकेट दारातच मारत होता. आता ते मुख्यालयापर्यंत येत होतं आणि तिथे नशीब असेल तर पश्चिमेकडे वळत होतं. उत्तरालाही परतताना तेच नशीब लागायचं. म्हणजे साधारण चारातली एक जोडी जुळणार. पण शून्याच्या तुलनेत पाव सुद्धा विजयासारखा वाटतो, आणि आम्ही चहाला गेलो.

परत आलो तर पश्चिमेची लिंक नको तितकी भरलेली. मुख्यालयातल्या एका मशीनवरून पूर्वेकडे ट्रेसराउट (वाटेतले राउटर एकेक करून दाखवणारी आज्ञा) केला, तर असा निघाला: मुख्यालय, पश्चिम, मुख्यालय, पश्चिम, मुख्यालय, पश्चिम, आणि तिसाव्या ओळीला संपला. मुख्यालय म्हणतं १७२.१६ तुझ्याकडे. पश्चिम म्हणतं माझ्याकडे नाही, डिफॉल्टप्रमाणे तुलाच परत. पत्त्यांची जोडी तीच असल्यामुळे मुख्यालय पुन्हा त्याच लिंकवर टाकतं. आधी हे पॅकेट पश्चिमेला पोचताच मरायचं. आता ते टीटीएल (प्रत्येक राउटरवर एकाने घटणारा, पॅकेटातला आकडा) संपेपर्यंत ये-जा करत होतं.

विंडोजचं मशीन टीटीएल १२८ वरून सुरू करतं. म्हणजे एक हरवलेलं पॅकेट ती लिंक १२७ वेळा ओलांडतं, जाताना ६४ वेळा, येताना ६३ वेळा. हरवणारी बहुतेक पॅकेटं टीसीपीची सुरुवातीची, चाळीस-साठ बाइटची होती. कनेक्शनच जुळत नव्हतं म्हणून मोठी पॅकेटं निघतच नव्हती, हे आमचं सुदैव. पण आमच्यातलाच एक जण ‘मोठ्या पॅकेटनेही बघू’ म्हणून एकूण १५०० बाइटचा पिंग सतत चालू ठेवून जेवायला गेला होता. सेकंदाला एक पॅकेट, दर पॅकेटमागे एका दिशेने ६४ फेऱ्या: १५०० गुणिले ८ गुणिले ६४, म्हणजे ७,६८,००० बिट. दोन मेगाबिटच्या लिंकचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग त्या एका खिडकीने खाल्ला होता.

‘आयपी क्लासलेस’ चूक नव्हतं. पुढे ते आम्ही ठेवलंही. पण राउटर एकमेकांना काय सांगतात ही एक गोष्ट आणि सांगितलेल्यातून राउटर काय निवडतो ही दुसरी. दोन्हींना क्लासफुल-क्लासलेस हीच विशेषणं लागतात आणि एकीचं औषध दुसरीला चालत नाही. मुख्यालयाच्या टेबलात /२४ च्या नोंदीच नव्हत्या. ज्या नोंदी नाहीत त्यांतली सर्वांत लांब कुठून निवडणार?

व्हर्जन २, आणि तरीही तेच टेबल

उपाय तीन निघाले. स्टॅटिक रूट: चार ओळी लिहा, आज सुटा, पुढचा सबनेट वाढेल तेव्हा पुन्हा रडा. पश्चिमेचे पत्ते बदलून १७२.१७ करा: तांत्रिकदृष्ट्या निर्दोष, पण प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळं फिरवा. तिसरा, मास्क सांगणारा प्रोटोकॉल वापरा. ओएसपीएफचं नाव निघालं आणि ते नंतरसाठी ठेवलं. त्या दुपारी रिप व्हर्जन २ पुरेसं होतं.

व्हर्जन २ ने पॅकेटचा आकार वाढवला नाही, हे मला नेहमी आवडत आलंय. नोंद तीच २० बाइटची. व्हर्जन १ ने शून्य ठेवलेले जे ८ बाइट होते, त्यांत ४ बाइटचा मास्क आणि ४ बाइटचा पुढच्या हॉपचा पत्ता बसवला. आधीच्या २ शून्य बाइटांत रूटची खूण. शिवाय अपडेट सगळ्यांना ओरडून सांगण्याऐवजी २२४.०.०.९ या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात.

बदलाचा क्रम महत्त्वाचा होता. ‘व्हर्जन २’ लिहिलेला राउटर व्हर्जन १ ची अपडेट ऐकतच नाही. मुख्यालयापासून सुरुवात केली असती तर शाखांचं व्हर्जन १ त्याला ऐकू आलं नसतं, तीन मिनिटांनी शाखांचे रूट मेले असते, आणि उरलेलं काम होईपर्यंत शाखा तुटून पडल्या असत्या. म्हणून आधी शाखा. तिथे मुख्यालयाची अपडेट ऐकू येणं बंद होऊन १०.०.०.०/८ ची नोंद जाणार होती, पण डिफॉल्ट रूट स्टॅटिक होता, तो जागेवर राहिला. मग मुख्यालय.

सगळं झाल्यावर टेबल उघडलं: १७२.१६.०.०/१६, दोन दिशांना. जसंच्या तसं.

दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मास्क सांगायला जागा होती आणि शाखा मास्क सांगतही होत्या, पण /१६ चा! आयओएसमध्ये रिप व्हर्जन २ सुद्धा मोठ्या नेटवर्काची वेस ओलांडताना आपणहून गुंडाळतं. ‘ऑटो-समरी’ चालू असते. प्रोटोकॉल क्लासलेस, सवय क्लासफुल. सिस्कोच्या ईआयजीआरपी या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्येही आयओएस १५ येईपर्यंत हेच होतं, आणि तिथे दुखणं जास्त तापदायक: गुंडाळताना तो स्वतःच्या टेबलात १७२.१६.०.०/१६ ‘नल ०’ कडे, म्हणजे पॅकेट टाकून द्यायच्या जागेकडे, दाखवतो, त्यामुळे ‘आयपी क्लासलेस’ असूनही अनोळखी सबनेटचं पॅकेट डिफॉल्टपर्यंत पोचत नाही.

दोन्ही शाखांवर ‘नो ऑटो-समरी’ दिलं. तीस सेकंदांच्या आत मुख्यालयात चारही /२४ उगवले. आणि त्यांच्या डोक्यावर /१६ अजून बसलेलाच. कुणीतरी लगेच बदल मागे घ्यायला निघालं होतं. पण ती नोंद आता कुणी ताजी करत नव्हतं. रिपमध्ये अपडेट थांबल्यावर रूट १८० सेकंदांनी अवैध होतो आणि २४० व्या सेकंदाला पुसला जातो. तोवर तो दिसला तरी त्रास देत नाही, कारण १७२.१६.१.१ ला /२४ आणि /१६ दोन्ही जुळत असतील तर /२४ जिंकतो. थांबायचा धीर नव्हता, ‘क्लिअर आयपी रूट’ चांदणी लावून मारलं. शाखांच्या /२४ च्या चार ओळी तेवढ्या उरल्या. पिंग: ! ! ! ! !

ट्रेसराउट पूर्वेहून पश्चिमेला तीन ओळींत आला. तो पंधराशे बाइटवाला पिंग बंद केला.

संध्याकाळी एकच धागा लोंबत राहिला. पूर्वेतल्या कुणी १७२.१६.९९.५ असा, आम्ही कुणालाच न दिलेला पत्ता टाकला तर? शाखेचा राउटर आता क्लासलेस शोधतो, त्याच्याकडे /२४ नाही, म्हणून डिफॉल्टने मुख्यालय. मुख्यालयाकडेही नाही, म्हणून त्याच्या डिफॉल्टने फायरवॉल, तिथून बाहेर. आमच्या आतल्या पत्त्यांची पॅकेटं बाहेरच्या दाराशी जाऊन उभी राहणार. आणि एखादी शाखा बंद पडून तिचे /२४ पुसले गेले तर तिची सगळी वाहतूकही त्याच वाटेने निघणार. म्हणून मुख्यालयावर शेवटची एक ओळ लिहिली: १७२.१६.०.०/१६, नल ० कडे. खरे सबनेट /२४ असल्यामुळे ते आधी जुळतात, आणि जे कुणाचंच नाही ते इथे थांबतं.

दिवसभर जी नोंद घालवायला झटलो ती जाताना हाताने परत टेबलात घातली. सहकाऱ्याने पडद्याकडे बघून विचारलं, “ही राहिली की काय?” कन्फिगरेशनमध्ये तिच्या वर एक टीप लिहून ठेवली, नाहीतर पुढचा कुणी ती पुसून टाकणार.